डाव्या बाजूची पट्टी

आबांनी तिसरी पट्टी दुकानाच्या दगडी पायरीवर खसाखसा घासली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्याला आवाज न्हाई."

दुकानदार शिरगुप्पे माझ्याकडे बघायला लागले. मी दुसरीकडे बघायला लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या सामानाचं हे सातवं दुकान होतं आणि सकाळपासून माझ्या पोटात एका चहापलीकडे काही गेलं नव्हतं.

"काका, चाकावर बसवायची पट्टी हाय ती," शिरगुप्पे म्हणाले. "चिखल उडू नये म्हणून. हलगी न्हवं."

"मला ठावं हाय ती कशाला असत्या. तीस वर्सं गाडी चालवतोय."

"मग आवाज कशाला पायजे?"

"रबर मऊ किती हाय ते आवाजावरनं कळतंय," आबा म्हणाले. मी विज्ञान शिकवते. असलं काही कळत नाही, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण तसं मी पहिल्या दुकानात सांगून बघितलं होतं आणि पाऊण तास वाया घालवला होता.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या सुट्टीतली. मी तेव्हा गारगोटीच्या हायस्कूलमध्ये शिकवत होते. नवरा नाशिकला नोकरीला, त्यामुळे बदली मिळेपर्यंत माहेरीच राहत होते. आमचं गाव गारगोटीपासून सात किलोमीटरवर, आणि आबा, म्हणजे माझे वडील शामराव खोराटे, त्या रस्त्यावर वडाप करायचे, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून तालुक्याला नेणं-आणणं. त्या वर्षी आमच्या वरच्या अंगाला ओढ्यावरच्या पुलाचं काम निघालं आणि मोठी बस जाणं बंद झालं. बाजूनं काढलेला कच्चा रस्ता जेमतेम एका जीपपुरता होता. धनगरवाड्यावरच्या अकरा मुली बसनं शाळेत यायच्या. बस बंद झाली म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांनी हिशेब सोपा करून टाकला होता. शाळा बंद.

मी अकराही घरं फिरले. कुणी शेळ्यांची अडचण सांगितली, कुणी लग्नाची. आठवीतल्या मंगल कोकरेची आई म्हणाली, "बाई, अनोळखी गाडीत पोर घालणार न्हाई. तुमचं वडील नेणार असतील तर धाडतो." मग सगळ्याच तेच म्हणायला लागल्या. मी शब्द दिला. माझे वडील नेतील, आणतील, केसाला धक्का लागणार नाही.

मुख्याध्यापकांनी दोन अटी घातल्या. एक, मुलींच्या गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरा पुरुष नको. दोन, जीपची चाकं झाका. आदल्या वर्षी आबांनी कुठल्याशा मोडीतल्या गाडीचे रुंद टायर आणून चढवले होते. ते बॉडीच्या बाहेर आले होते आणि रस्त्यात जे असेल ते कडेच्या माणसांवर उडवायचे. एकदा मुख्याध्यापकांच्या पांढऱ्या पँटवर उडवलं होतं. शाळा सोमवारी उघडणार होती. आज बुधवार होता. सोमवारी गाडी तयार नसेल तर मुली घरी बसतील आणि एकदा बसल्या की बसल्या, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून चाकाच्या कमानीवर बसवायच्या या पट्ट्या. दुकानात त्यांना फ्लेअर म्हणतात.

खरं तर काम दहा मिनिटांचं होतं. पहिल्याच दुकानात तयार प्लास्टिकचे फ्लेअर होते, काळे, चकचकीत. आबांनी ते वाकवून बघितले आणि "तडकतंय" म्हणून परत दिले. मग रबर. एक जाड, एक पातळ, एक मऊ, एक चिवट. प्रत्येक पट्टी आबा वाकवायचे, सोडायचे, जागेवर येते का बघायचे आणि शेवटी पायरीवर घासून कान द्यायचे. येणारी-जाणारी माणसं थांबायला लागली होती.

शिरगुप्प्यांनी आतून चौथी पट्टी आणली. आबांनी ती घासली. खर्रर्र असा दात आंबवणारा आवाज आला.

"ही," आबा खूश होऊन म्हणाले.

मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात ते म्हणाले, "डाव्या चाकांना चार इंच रुंद द्या. उजव्यांना दोन."

"दोन्हीकडं सारखीच असत्या की ओ काका!"

"डाव्या अंगाला रस्त्याच्या कडंची माती असती. उजवीकडं डांबर. मग घाण कुणीकडनं उडंल?"

शिरगुप्पे विचारात पडले. माझा मात्र पारा चढला. "आबा, गाडी एकीकडे फुगलेली दिसेल! गालगुंड झाल्यासारखी!"

"गाडीला काय लगीन करायचंय?" आबा म्हणाले, आणि चार इंची व दोन इंची अशी दोन भेंडोळी बांधून घेतली. एसटीत ती दोन्ही माझ्या मांडीवर होती. घरापर्यंत रबराचा वास माझ्या डोक्यात चढला.

गुरुवारी पहाटेच्या थंडीत त्यांनी पट्टी अंगणातल्या दगडावर पुन्हा घासून बघितली आणि जाहीर केलं की गारठ्यात ती ताठ होते, बदलून आण. मी नाही म्हणाले. ते नुसते जीपकडे बघत बसले. शेवटी शुक्रवारी मी एकटीच पुन्हा कोल्हापूर गाठलं. शिरगुप्प्यांनी मला लांबूनच बघून कपाळाला हात लावला. त्यांच्या पायरीवर मी स्वतः, एक शिकलेली बाई, रबर घासून आवाज ऐकत बसले. आबांच्या बरोबर इतक्या वर्षांत माझ्यावर ओढवलेल्या प्रसंगांत हा सगळ्यात लाजिरवाणा.

शनिवारी सकाळी पट्ट्या अंगणात उन्हात पसरल्या. गुंडाळलेलं रबर तापलं की सरळ होतं, मग बसवायला सोपं जातं. बांधावर केरबाआप्पा येऊन बसले होते, तोंड पाडून. केरबाआप्पा म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे मित्र. गेली दोन वर्षं रोज सकाळी ते जीपमध्ये पुढे, डाव्या दाराशी बसून गारगोटीला जायचे, तिथं एक चहा प्यायचे आणि परत यायचे. काम काही नाही. वडापमध्ये ती जागा सगळ्यात मोक्याची, पण आबांनी ती दुसऱ्या कुणाला म्हणून कधी दिली नाही. जाता-येता आप्पा दाराच्या पत्र्यावर थापा मारत असायचे. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो, असं मी समजत होते. आता मुख्याध्यापकांच्या अटीमुळे त्यांची जागा गेली होती.

आबांनी उजवी बाजू सुंदर बसवली. कमान साबणानं धुतली, खडूनं खुणा केल्या, पट्टीचा मध्य कमानीच्या माथ्यावर ठेवून तिथून दोन्हीकडे उतरत भोकं पाडली, भोकांत गंज धरू नये म्हणून ग्रीस भरलं, वॉशर घालून स्क्रू आवळले. कुठे फुगा नाही, कुठे सुरकुती नाही. माझा तीन दिवसांचा राग निम्मा उतरला.

डाव्या बाजूला आल्यावर ते पत्रा आपल्या डाव्या हाताला ठेवून बसले आणि सगळं बिघडलं. खडूची रेघ नागमोडी गेली. ड्रिल खुणेवर ठेवायचं तर ते दोन बोटं बाजूला ठेवलं आणि पत्र्यावर लांब ओरखडा उठला.

"आबा, खूण कुठे आणि भोक कुठे!"

"तू पट्टी हलवलीस."

"मी कुठे हलवली? दोन्ही हातांनी धरलीय!"

"मग उजेड तोंडावर येतोय."

उजेड त्यांच्या पाठीमागून येत होता. मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात उसासा टाकला. पत्र्याचा रंग उडाला होता तिथे खाली खड्डे बुजवायची लांबी भरलेली दिसत होती, एकावर एक तीन थर. डावा मडगार्ड कुणीतरी पुन्हा पुन्हा ठोकून, लांबी भरून, रंगवून सारखा केला होता.

"हे कधी झालं?"

"जुनं हाय," आबा म्हणाले.

बांधावरून केरबाआप्पा म्हणाले, "शामा, मी येऊ का धराया?"

"तू बस गप!" आबा एवढ्या मोठ्यानं ओरडले की आप्पा उठून चालायला लागले.

आईनं चहा आणला. मी आबांचा कप त्यांच्या डाव्या गुडघ्याशी ठेवला. पुढच्याच क्षणी त्यांनी तो लाथेनं उडवला. चहा माझ्या साडीवर, बशीचे दोन तुकडे.

"लक्ष कुठंय तुमचं?" मी ओरडलेच. "सोमवारी अकरा पोरी गाडीत बसणार आहेत आणि तुम्हाला समोरचा कप दिसत नाही?"

आईनं दुसरा चहा आणला आणि तो त्यांच्या उजव्या हाताशी ठेवून निघून गेली. डाव्या चाकांच्या पट्ट्या बसता बसता दिवस मावळला. त्या वेड्यावाकड्या बसल्या होत्या, पण बसल्या होत्या.

रविवारी दुपारी आबा म्हणाले, "चल, पुलापतूर एक चक्कर मारू. उद्याला परीक्षा नको."

"केरबाला घ्या की," आई दारातून म्हणाली.

"कशाला? उद्या असणार हाय का तो?" आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मग मला म्हणाले, "तू बस म्होरं. पर वाटंत बोलायचं न्हाई."

मी डावीकडे बसले. जीप मलाही चालवता यायची. बारावीच्या सुट्टीत आबांनीच शिकवली होती, परवानाही काढून दिला होता. पण गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांनी ती माझ्या हातात कधी दिली नाही. ह्या स्टेअरिंगला मनगट लागतंय, म्हणायचे. मीही कधी मागितली नाही. तो त्यांचा प्रांत.

कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे कामगारांनी दगड रचलेले, मधून जीप जाईल एवढीच वाट. थोडं पुढे गेलो आणि माझ्या बाजूनं खर्रर्र आवाज आला. आबांनी लगेच स्टेअरिंग जरासं उजवीकडे घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"ऐकलंस?"

"ऐकायचं काय? काल बसवलेली पट्टी आज घासली! दगड केवढाले पडलेत, दिसत नाहीत?"

"घासू दे. त्याच्यासाठीच हाय ती."

"त्याच्यासाठी? तीन दिवस माझा जीव खाल्लात तो घासण्यासाठी?"

"म्हटलं न्हवं, बोलू नको."

मी हाताची घडी घालून बाहेर बघायला लागले. पुन्हा एकदा खर्रर्र, पुन्हा गाडी उजवीकडे. मी दात आवळून बसले. पुढे वळण होतं. वळणापलीकडे मला मंगल दिसली, कोकऱ्यांची. ओढ्यावर धुतलेले कपडे डोक्यावर घेऊन ती चालली होती. जीप बघून ती डाव्या बाजूला सरकली आणि दरडीला पाठ लावून उभी राहिली. चांगली पन्नास पावलं आधीपासून ती दिसत होती. आबा आता गाडी उजवीकडे घेतील म्हणून मी काहीच बोलले नाही. त्यांनीच बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

गाडी उजवीकडे गेली नाही. मंगलचा चेहरा खिडकीच्या पुढे आला, तिचा तळवा बॉनेटवर टेकला, आणि पट्टी तिच्या परकराला लागून वर दुमडत चाललेली मला दिसली.

"थांबा! आबा, थांबा!"

त्यांनी ब्रेक मारला. त्यांनी बाहेर बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "काय झालं? दगड लागला व्हय? आवाज तर आला न्हाई."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बाई, काय न्हाई झालं!" मंगल खिडकीतून हसत होती. तिच्या गुडघ्यात आणि चाकात एक वीतही जागा नव्हती. "रबर हाय. गुदगुल्या झाल्या नुसत्या. उद्या आमी कुठं थांबू? हितंच?"

"कोण हाय?" आबा म्हणाले. ती त्यांच्यापासून दोन हातांवर होती. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, पार खांद्यापर्यंत नेली, तेव्हा कुठे त्यांची नजर तिच्यावर पोचली. आणि मग ती तशीच तिथे थांबली.

मंगलला मी जायला सांगितलं. ती दिसेनाशी झाली. इंजिन चालूच होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. काचबिंदू म्हणाला डाक्टर. डावा गेला. उजव्याला समोरचं चांगलं दिसतंय, कडंचं न्हाई."

"आणि केरबाआप्पा?"

"तो सांगायचा. थाप मारून."

"आईला माहीत आहे?"

"हाय." त्यांनी समोर बघितलं. "केरबाला बसू देनात. मग म्हटलं, रबर सांगंल. मांजराला मिशा असत्यात का न्हाई, तसं. दगडाला लागलं की आवाज येतोय, मी सरकतोय. चांगलं जमलं हुतं." त्यांनी स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले. "पोरीच्या कापडाला आवाज नसतोय. ह्ये काय माझ्या ध्यानात आलं न्हाई."

मला भयंकर राग आला होता. "मी अकरा घरं फिरले, आबा," मी म्हणाले. "दारात उभं राहून तुमच्या नावानं शब्द दिला." मी त्यांच्याकडे वळले. "एकदा तरी सांगायचं मला!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"गाडी चालवू दिली नसती!"

"म्हणून."

मला त्यांचा राग येत होता, आईचा येत होता, आप्पांचा येत होता, आणि सगळ्यात जास्त माझा. चार दिवस मी त्यांच्याबरोबर होते. वाकडी रेघ बघितली होती, लांबीचे थर बघितले होते, चहाचा कप स्वतः त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला होता, आणि मला फक्त एवढंच कळलं होतं की म्हातारा हट्टी आहे.

आबांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि उतरले. एक हात बॉनेटवर ठेवून चाचपत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. खाली बसून दुमडलेली पट्टी बोटांनी सरळ केली. ती लगेच जागेवर आली.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "पुढं गाडी वळवायला जागा हाय. हळू घे."

मी त्यांच्या जागेवर बसले. गाडी वळवताना दोनदा बंद पाडली. ते माझ्याशेजारी बसले होते, पण स्टेअरिंगला मनगट लागतं वगैरे काही म्हणाले नाहीत. घरी पोचलो. आईनं मला ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"मी काय करू गं?" ती म्हणाली. "ह्यांनी शपथ घातली हुती. गप बसलो."



सोमवारी सहाला मी बाहेर आले तेव्हा आबा आधीच डाव्या पुढच्या चाकाशी बसलेले होते. शेजारी साबणाच्या पाण्याचा तांब्या होता. मागच्या चाकाची पट्टी कापून झाली होती आणि पुढची ते ब्लेडनं कापत होते. ब्लेड पाण्यात बुडवायचं, रबरात घालायचं, एक वीत ओढायचं, पुन्हा बुडवायचं. कापलेलं रबर मातीत पडत होतं.

"आबा, काय करताय? एवढ्या खटपटीनं आणली, बसवली!"

"उजवीकडच्याएवढी करतोय. दोन इंच."

"राहू द्या ना आता."

"लई बाहेर हाय. पोरी कडंला उभ्या असत्यात, लागंल कुणाला तरी." त्यांनी मान वर केली नाही. "चिखलाला दोन इंच पुरं हुतंय. वरची दोन माझ्यासाठी हुती. तुला दिसतंय की."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी शेवटचा तुकडा ओढून काढला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सरळ आलीय का बघ जरा."

मी वाकून बघितलं. मागची बरी होती. पुढची वर ठीक होती, खाली उतरताना पार आत गेली होती.

"नाही," मी म्हणाले. "खाली वाकडी गेलीय."

त्यांनी मान हलवली. मग ब्लेड माझ्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून बॉनेटवर ठेवली.

"आटप," ते म्हणाले. "सातला पोरी थांबतील."